तीस सप्टेंबरचा पट आणि दिवाळीनंतरची शाळा

दरवर्षी ५ सप्टेंबर उजाडला की शिक्षकाला समाज एका दिवसापुरता गुरू म्हणू लागतो. जिल्हा परिषदांच्या सभागृहांत शाली आणि श्रीफळे येतात, पाहुण्यांच्या सोयीप्रमाणे समारंभाची वेळ पुढे-मागे होते, राष्ट्र घडविणाऱ्या हातांविषयी चार भाषणे होतात आणि मंडळी पांगतात. दुसऱ्या दिवशी तेच हात मतदारयाद्यांच्या दुरुस्तीला किंवा पोषण आहाराच्या नोंदवह्यांना लागलेले असतात. सोहळ्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा एखाद्या शिक्षकाच्या पाठीवर थाप पडली तर त्यात वावगे काय? प्रश्न आहे तो ही थाप कोणत्या कामावर पडते आणि कोणत्या कामावर ती पडूच शकत नाही, याचा.

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिले जातात. २०१८ पासून त्यासाठी शिक्षकाने स्वतःच संगणकावर आपले नाव नोंदवावे आणि आपल्या कार्याचे पुरावे जोडावेत, अशी पद्धत सुरू झाली. शिफारशीसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, हा तिचा लाभ मान्य केला पाहिजे. परंतु जे छायाचित्रात मावते, आकड्यांत बसते आणि धारिकेला लावता येते तेच काम ‘कार्य’ ठरते, हाही तिचा परिणाम आहे. २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य शिक्षकांत वाटून दिली, तेव्हा महाराष्ट्राला वाटलेला अभिमान योग्यच होता. तथापि त्यांचा प्रयोग दाखविता येण्यासारखा होता. गरिबांच्या वस्तीवरील शाळेत होणारे सर्वांत कष्टाचे काम तसे दाखविता येत नाही, कारण त्याचे फळ म्हणजे काहीतरी न घडणे असते. एक मुलगा फडावर गेला नाही. एका मुलीचे लग्न आठवीत असताना झाले नाही. एक नाव पटावरून कमी झाले नाही. न घडलेल्या गोष्टीचे छायाचित्र कोणी कसे काढावे?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांकडे पाहिले म्हणजे या कामाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत हा एकच जिल्हा होता, आणि शिक्षणाच्या इतिहासात त्याची मातब्बरी मोठी आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ मध्ये नायगावचा. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. डॉ. आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली तीही कराड तालुक्यातील काले येथे, १९१९ मध्ये. आज शिष्यवृत्ती परीक्षेचे निकाल लागले की या जिल्ह्यांतील शाळा अभिमानाने फलक लावतात. हे वैभव खरे आहे; पण ते सर्व तालुक्यांत सारखे नाही.

कृष्णेच्या काठी कराड, वाळवा, पलूस, मिरज ही उसाची आणि हळदीची काळी जमीन. तेथून पूर्वेकडे माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत या बाजूला जावे तसतसे माळ उघडा होत जातो. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर जतला तो पाचशेच्या आसपास, आणि तेवढाही भरवशाचा नाही. म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांचे पाणी अलीकडे काही शिवारांत पोहोचले आहे आणि तेथे द्राक्षे व डाळिंबे उभी राहिली आहेत, हे नमूद करणे न्यायाचे होईल. जेथे ते पोहोचले नाही, अथवा ज्याच्यापाशी पाणी घ्यायला जमीनच नाही, त्याच्या घरी मात्र दिवाळी झाली की जाण्याची तयारी सुरू होते. कोणी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातो. धनगर मेंढरांचे कळप घेऊन गवताच्या शोधात नदीकाठी किंवा घाटाखाली उतरतात. आटपाडी-विट्याकडचे कितीतरी कर्ते पुरुष सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पसरले आहेत आणि मुले आजी-आजोबांपाशी वाढत आहेत. शाळेचे वर्ष जूनपासून एप्रिलपर्यंतचे असते; या घरांचे वर्ष वेगळे चालते.

मराठी वाचकाला हे चित्र नवे नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर नेमला गेलेला कोवळ्या वयाचा मास्तर तिच्यात आहे. शाळेत मुले नाहीत म्हणून तो घरोघर हिंडतो, वाडीच्या तंट्याबखेड्यांत ओढला जातो, लोकांची शहाणपणाची आणि व्यवहाराची सगळी कामे त्याच्या गळ्यात पडतात, आणि शेवटी दुष्काळ पडून गावच उठून जाते. कादंबरी वाचताना वाचकाचे लक्ष माणसांवर, माळावर आणि भाषेवर खिळते. पण एखाद्या गटशिक्षणाधिकाऱ्याने ती हाती घेतली तर तिच्यात आणखी एक गोष्ट त्याला आढळेल. त्या मास्तराच्या दिवसाचा मोठा भाग शिकविण्यापूर्वीच्या कामात जातो आणि त्या कामाची नोंद कोठेही होत नाही. सत्तर वर्षांत संस्थान गेले, जिल्हा परिषद आली, पाटीच्या जागी पडदा आला. शिकविण्यापूर्वीचे काम होते तेथेच आहे.

हे काम म्हणजे नेमके काय? आश्विन सरता सरता पूर्वेकडच्या वस्तीशाळेतील शिक्षकाला वर्गाच्या रिकाम्या होण्याची चाहूल लागते. टोळीबरोबर कोण जाणार हे त्याला मुलांच्या बोलण्यातून कळते. तो संध्याकाळी पालकांकडे जातो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, म्हणजे आईही जाणार. मग धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण हवी, आणि ती चौथीत किंवा पाचवीत असते. शिक्षक तिच्या आजीची समजूत घालतो. आजी म्हणते, मी म्हातारी, पोरीला रांधून कोण घालणार? हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. दुपारचे जेवण शाळेत मिळेल, पण रात्रीचे काय, आणि रविवारचे काय? हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना ऐकायला असते. ती या वाडीपर्यंत वेळेवर पोहोचेलच असे नाही. मग शेजारच्या एखाद्या घराला गळ घातली जाते, कोठे धान्याची तजवीज होते, कोठे शिक्षकाच्या खिशाला थोडी चाट बसते. दहा घरे फिरल्यावर तीन मुले राहतात. सात जातात. राहिलेल्या तिघांबद्दल शिक्षकाला कोणी काही विचारत नाही. गेलेल्या सातांबद्दल मात्र सतत गैरहजेरीचा खुलासा मागितला जातो.

गेलेली मुले मार्चअखेर किंवा एप्रिलात परत येतात तेव्हा गुणाकार विसरलेली असतात आणि परीक्षा तोंडावर असते. सहावीत असून दुसरीचे वाचन न येणारे मूल पाहून तपासणीस येणारे साहेब शेरा लिहितात. ते मूल सहावीत अजून आहे, एवढ्यासाठी किती खटाटोप झाला हे शेरेबुकात लिहायला रकाना नाही. जतच्या सीमाभागात तर आणखी एक पदर आहे. तेथे घरची भाषा कन्नड असलेली वस्ती मोठी आहे आणि जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. मराठी शाळेत आलेल्या कन्नडभाषक मुलाला पहिले सहा महिने मास्तराचे बोलणेच समजावून द्यावे लागते. ते काम ज्या शिक्षकाने कानडी चार शब्द शिकून केले, त्याच्या सेवापुस्तकात त्याची नोंद होत नाही.

आता याच प्रश्नाचे दुसरे टोक पाहावे. पूर्वेकडची शाळा रिकामी होते त्याच सुमारास नदीकाठच्या कारखान्यांची धुराडी पेटतात, आणि बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून, जतकडून टोळ्या येऊन उतरतात. कारखान्याच्या आसपास आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत उसाच्या पाचटाच्या खोपी उभ्या राहतात. त्यांतील मुलांसाठी १९९० नंतरच्या दशकात स्वयंसेवी संस्थांनी आणि काही कारखान्यांनी साखरशाळा चालविल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला. मुलांना वेगळ्या तात्पुरत्या शाळेत न बसविता जवळच्या नियमित शाळेत दाखल करावे, असे धोरण ठरले आणि साखरशाळा मागे पडल्या. तत्त्व म्हणून हे निर्विवाद आहे. दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, वयाप्रमाणे वर्ग द्यावयाचा, हेही कायद्याने सांगितले. नंतर ‘शिक्षण हमी कार्ड’ आले. मूल ते घेऊन दुसऱ्या गावी गेले की तेथील शाळेने त्याला बसवून घ्यावयाचे.

येथे मात्र एक तारीख आडवी येते. शाळेला शिक्षक किती द्यायचे हे संचमान्यतेने ठरते आणि संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्या दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे कराड किंवा वाळवा तालुक्यातील शाळेच्या दारात नोव्हेंबरात जी पंधरा-वीस मुले येऊन उभी राहतात, ती शिक्षकांच्या हिशेबात नसतात. ती बसतात, त्यांना पुस्तके शोधून दिली जातात, त्यांच्या जेवणाचे आकडे जुळविले जातात, आणि मार्चमध्ये ती निघून जातात. पुढच्या ३० सप्टेंबरला त्यांचा मागमूसही नसतो. एका शिक्षकापुढे तीस मुले हे कायद्याचे प्रमाण. पाच महिने ते मोडते, आणि कागदावर मात्र वर्षभर शाबूत राहते. फडावर पहाटे जाऊन मुलांना गोळा करणारा, खोपीतील मुलीला शाळेत पाठवावे म्हणून मुकादमाशी हुज्जत घालणारा शिक्षक जे करतो ते शासनाच्या गणनेनुसार अस्तित्वातच नाही. न दिसणारे काम हा शब्दप्रयोग येथे अलंकार राहत नाही. ते अक्षरशः मोजलेले नसते.

मोजदादीचा आणखी एक फेरा अलीकडे वाढला आहे. संचमान्यतेसाठी आधार क्रमांक वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांचीच संख्या धरण्याचे धोरण आले. खोटा पट दाखविण्याचे प्रकार पूर्वी घडले होते आणि त्यांना पायबंद हवा होता, हे खरे. पण शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारावर दुसरे, जन्मतारीख अंदाजे, आणि वडील हंगामावर गेलेले, असे मूल श्रीमंतांच्या शाळेत नसते. ते मेंढपाळाच्या, भटक्याच्या, वीटभट्टीवरच्या मजुराच्या घरचे असते. त्याचे नाव जुळविण्यासाठी तालुक्याच्या केंद्रावर खेटे घालतो तो शिक्षक. ही धावपळ त्याने केली नाही तर मूल डोळ्यांसमोर बसलेले असूनही मोजले जात नाही आणि पुढे शिक्षकाचे पदच धोक्यात येते. दारिद्र्यामुळे ज्या शाळेला अधिक शिक्षक हवेत, त्याच शाळेची पदे दारिद्र्यामुळे कमी व्हावीत, अशी ही रचना झाली आहे.

शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये, असे शिक्षणहक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते. या तीन दारांतून काय काय आत येते, हे शिक्षकवर्गाला सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला तेव्हा आणि जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या तेव्हा शाळाच निवारे झाल्या आणि शिक्षक कामाला लागले. ते योग्यच होते. माणूस म्हणून कोणीही केले असते. २०२० च्या साथीत तपासणी नाक्यांवर आणि घरोघरच्या पाहणीत ते उभे राहिले, त्याबद्दलही तक्रार करता येणार नाही. तक्रार आहे ती रोजच्या माहितीची. सरल आली, यू-डायस आली, तांदळाचा साठा, डाळीचा साठा, उद्या संध्याकाळपर्यंत पाठवावयाचे तातडीचे विवरणपत्र. मोठ्या शाळेत हे काम वाटून घेता येते, काही ठिकाणी लिपिकही असतो. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक कागद करतो आणि दुसरा चार वर्ग एकत्र बसवितो. दुसरा रजेवर असला तर वर्गांना कोण, हा प्रश्न विचारू नये हेच बरे.

पश्चिमेकडच्या डोंगरांत ही अडचण वेगळे रूप घेते. कोयनेच्या शिवसागर जलाशयाने जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतील कितीतरी वाड्यांचा रस्ता पाण्याखाली नेला. खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवीत शाळेला जातात, ही बातमी आली आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. होडीतील मुलींचे ते दृश्य देशाने पाहिले आणि पाहायलाच हवे होते. मात्र पावसाळ्यात या खोऱ्यांतल्या शाळा उघड्या राहतात त्या कोणी तरी पलीकडून येत असते म्हणून, अथवा तेथेच राहत असते म्हणून.

शासनाला हे अगदीच ठाऊक नाही असे नाही. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी २०१७ पासून गावांची ‘अवघड’ आणि ‘सर्वसाधारण’ अशी विभागणी झाली. २०२१ च्या धोरणाने अवघड ठरण्याच्या कसोट्या सांगितल्या: अतिवृष्टी, डोंगर, हिंस्र श्वापदांचा उपद्रव, रस्त्याचा व दूरध्वनीच्या संपर्काचा अभाव, महामार्गापासूनचे अंतर, अशा. डोंगरातील शिक्षकाला याचा उपयोग झाला. पण या यादीत भूगोल आहे, समाज नाही. पालकांचे दारिद्र्य, मुलांचे हंगामी स्थलांतर, घरात शिकलेले कोणीही नसणे, यांपैकी एकही कसोटी नाही. माळावरच्या गावाला सपाट रस्ता आहे, दूरध्वनीचा संपर्क आहे. तेव्हा ते सोपे. तेथील वर्ग दिवाळीनंतर अर्धा होतो, ही अवघड गोष्ट मानली गेलेली नाही. शिवाय अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढली की बदलीचा अधिकार मिळतो. शिक्षकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. मुलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की ज्याला वाडीची घरे, मुकादम आणि आज्या ओळखू येऊ लागल्या, तो जातो आणि नवा येतो. थांबणाऱ्याला काही द्यावे, हा विचार धोरणात दुबळा आहे.

शिक्षकांची बाजू मांडताना दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. तालुक्याच्या गावी राहून उशिरा येणारे आणि लवकर जाणारे शिक्षक आहेत. मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता घेतला जातो, हा आरोप २०२२ मध्ये विधानसभेतच झाला आणि त्यावर बराच गदारोळ उठला. सातव्या वेतन आयोगाचे वेतन घेणाऱ्याने कष्टांचे कौतुक कशाला मागावे, असेही कोरडवाहू शेतकरी विचारतो, आणि त्याचा प्रश्न उद्धट नाही. पण मेख येथेच आहे. जो शिक्षक संध्याकाळी दहा घरे फिरतो आणि जो चारच्या गाडीने निघतो, त्या दोघांचे वेतन सारखे, गोपनीय अहवाल बहुधा सारखे आणि ३० सप्टेंबरचा पटही सारखाच. व्यवस्थेला दोघांतील फरक कळत नाही. पूर्वी केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी शाळाशाळांतून हिंडत तेव्हा निदान तोंडी तरी हा फरक कोणाला तरी माहीत असे. त्यांची पदेच वर्षानुवर्षे रिकामी राहिली. पाहणारा डोळा काढून घेतल्यावर दिसत नाही म्हणून खंत करण्यात काय अर्थ आहे?

या ठिकाणी त्याग हा शब्द नेहमी पुढे केला जातो, आणि साताऱ्यात तो उच्चारताना भाऊरावांचे नाव निघणे अपरिहार्य असते. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह काढले, त्याचे महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, आणि ही गोष्ट येथील प्रत्येक शाळेत सांगितली जाते. १९३५ मध्ये भाऊरावांनी शिक्षक तयार करणारे विद्यालय काढले. १९३८ नंतर व्हॉलंटरी शाळांच्या रूपाने, जेथे शाळा नव्हती अशा खेड्यांत ते शिक्षक गेले. ही पिढी अल्प वेतनावर राबली. परंतु तिचा त्याग ज्या काळातला होता, त्या काळी शिक्षण हा मुलाचा हक्क नव्हता आणि ते पुरविणे हे परक्या सरकारला आपले कर्तव्य वाटत नव्हते. जेथे सरकार नव्हते तेथे माणसे उभी राहिली. आज हक्क आहे, कायदा आहे, अंदाजपत्रकात तरतूद आहे. आता लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची आठवण शिक्षकाला करून देणे म्हणजे तरतुदीच्या जागी भावना ठेवणे होय. भाऊरावांनी स्वतः तसे केले नाही. त्यांनी शिक्षकांना केवळ गौरविले नाही. त्यांच्या प्रशिक्षणाची, राहण्याची, कामाची संस्था उभी केली.

त्यागाची भाषा किती महागात पडते हे विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांना विचारावे. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानग्या देण्याचे ठरले. २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ शब्द काढला गेला. पुढे टप्प्याटप्प्याने वीस टक्क्यांपासून अनुदान सुरू झाले. मधली वर्षे या शाळांतील शिक्षकांनी कशावर काढली? कोणी शेतावर, कोणी शिकवण्यांवर, कोणी बायकोच्या शिवणयंत्रावर. जिल्हा परिषदेतही शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे काढणाऱ्या तरुणाला २०२३ पर्यंत महिना सहा हजार रुपयांवर भागवावे लागत होते. त्यानंतर ते मानधन सोळा हजार झाले. सहा हजारांत जतच्या वाडीवर राहणाऱ्या मुलाने मुलांसाठी वह्या आणल्या असतील तर त्या कोणत्या खात्यावर टाकायच्या?

समृद्धीनेही या शाळांचे एक नुकसान केले आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. पाणी आले, द्राक्षे आली, दारात पिवळी गाडी येऊ लागली आणि बागायतदाराची मुले त्या गाडीतून इंग्रजी शाळेला गेली. त्याने तसे करू नये असे कोण म्हणेल? पण पूर्वी गावच्या शाळेत पाटलाचा, वाण्याचा आणि मजुराचा मुलगा एकाच सतरंजीवर बसत असे; छप्पर गळले तर पाटील ओरडे आणि छप्पर दुरुस्त होई. आता शाळेत उरले ते ज्यांचे पालक ओरडू शकत नाहीत, किंवा ओरडायला गावातच नसतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला सह्या करणारेही हंगामावर गेलेले असतात. पालकांच्या वाटणीचे हे ओरडणेसुद्धा मग शिक्षकाकडेच आले.

लहान पटाच्या शाळांबद्दल शासनाचे मन गेली काही वर्षे हेलकावे खात आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याची कल्पना पुढे आली. राज्यात अशा शाळांची संख्या सुमारे पंधरा हजार सांगण्यात आली. मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे निकष अधिक घट्ट झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात लहान शाळेतील दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी असावा असे ठरले. ती मर्यादा आधी वीस मुलांची, मग दहाची झाली, शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले, आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असे कायद्याच्या परिशिष्टात २००९ पासून लिहिलेले आहे. ते पुनःपुन्हा सोडवायचे कोडे कसे झाले, हे समजणे कठीण आहे. दहा मुलांसाठी दोन वेतने परवडत नाहीत, हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. पण दहा मुलांच्या त्या शाळेतून मूल चार किलोमीटर दूरच्या समूहशाळेत जाईल हे गृहीत धरताना, त्याला सकाळी उठवून गाडीत बसविणारे कोणी घरात असेल, हेही गृहीत धरलेले असते. जेथे तसे कोणी नाही तेथे मुलाला उठवायला आज शिक्षकच जातो.

मग करावे काय? पुरस्कारांची संख्या वाढवून हे काम दिसू लागणार नाही. त्यासाठी मोजण्याची रीत बदलावी लागेल, आणि तिचा खर्चही फार नाही. ऊस कारखान्यांच्या क्षेत्रातील शाळांचा पट ३० सप्टेंबरबरोबरच जानेवारीतही घ्यावा आणि त्या पाच महिन्यांसाठी पूरक शिक्षक द्यावा. कारखान्यांकडे टोळ्यांच्या नोंदी असतात. कोणती टोळी कोठे उतरणार हे त्यांना शिक्षण खात्याच्या आधी ठाऊक असते. ती माहिती ऑक्टोबरातच पंचायत समितीकडे येऊ शकते. ज्या गावांतून टोळ्या आणि कळप जातात त्या गावांना, मग ती महामार्गावर का असेनात, अवघड मानावे, आणि तेथे पाच-सात वर्षे आपखुशीने थांबणाऱ्या शिक्षकाला वेतनात किंवा बदलीच्या पसंतीत त्याचे माप द्यावे. हंगामी वसतिगृहाची मंजुरी दिवाळीनंतर न देता सप्टेंबरातच द्यावी, म्हणजे आजीच्या प्रश्नाला शिक्षकापाशी काही उत्तर असेल. तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: हंगामात जाणार होती आणि थांबली अशी मुले किती. तो रकाना खोटाही भरला जाईल, अशी शंका येणे साहजिक आहे. म्हणून केंद्रप्रमुखांची पदे भरावीत आणि त्यांनी डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी प्रत्यक्ष जाऊन ती मुले मोजावीत.

यांपैकी कोणतीही गोष्ट करण्यास नवा कायदा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या पातळीवर यातील काही आजही होण्याजोगे आहे. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या जिल्हा परिषदा शेजारी आहेत. एकीच्या पूर्वेकडची मुले दुसरीच्या नदीकाठी जातात, तर कधी आपल्याच जिल्ह्यातील दुसऱ्या तालुक्यात. दोघींनी मिळून स्थलांतर करणाऱ्या मुलांची एक यादी केली तरी नोव्हेंबरात शाळेच्या दाराशी येणारे मूल अनोळखी राहणार नाही. यंदाही ३० सप्टेंबरला पट मोजला जाईल, आणि त्यानंतर सहा-सात आठवड्यांत कारखान्यांच्या परिसरात खोपी उभ्या राहतील.